आज्ञावलीचा अनुवादक

भारताचा १९५७चा प्रताधिकार कायदा संगणकाच्या आज्ञावलीला साहित्यकृती मानतो, हे ऐकून साहित्याचा विद्यार्थी बहुधा हसेल. पण कलम २मधील व्याख्येत तसा स्पष्ट उल्लेख आहे. हे कायद्याने केवळ सोयीसाठी मानले असेल, तरी त्या सोयीत एक सत्य दडलेले आहे. मुक्तस्रोत प्रणालींच्या जगात तर ते फारच उघडे पडते.

समजा, इंटरनेटवरून बोलण्याचे एखादे मुक्तस्रोत अ‍ॅप एका छोट्या गटाला मोबाइलवर आणायचे आहे. पगारी माणूस परवडत नाही. म्हणून स्वतंत्रपणे काम करणारा फ्रीलान्सर शोधला जातो आणि बोलणे दर व मुदत यांवर संपते. माझ्या मते इथेच चूक होते. हा व्यवहार सुताराला कपाट सांगण्यासारखा नाही, तर अनुवादकाकडे ग्रंथ सोपवण्यासारखा आहे. कपाट वापरले जाते. मुक्तस्रोत आज्ञावली वापरली जाते, वाचली जाते आणि परक्या हातांनी पुन्हा लिहिलीही जाते.

दोन फोन शेजारी ठेवून 'हॅलो' ऐकू आले की काम झाले, असा समज असतो. खरे तर एवढ्यासाठी लागणारे साहित्य केव्हापासून खुले आहे. संभाषण जुळवणाऱ्या 'सिप' या संकेताचे आजचे प्रमाणित रूप २००२चे, आवाज आटोपशीर करून पाठवणारे 'ओपस' २०१२चे. फ्रान्समध्ये सुरू झालेले 'लिनफोन' हे मुक्त अ‍ॅप तर २००१पासूनचे. कसोटी लागते ती फोन खिशात निद्रिस्त असताना. अँड्रॉइडने २०१५मध्ये, सहाव्या आवृत्तीत, पडून असलेल्या फोनमधल्या अ‍ॅपांना झोपवण्याची व्यवस्था आणली. अ‍ॅपलने २०१९च्या आयओएस १३पासून कॉलची वर्दी देणारा प्रत्येक संदेश फोनच्या स्वतःच्या कॉल-यंत्रणेला लगेच कळवण्याची सक्ती केली. न कळवणारे अ‍ॅप ती यंत्रणाच बंद पाडते. म्हणजे कॉल करता येतो, पण आलेला कळत नाही. शिवाय हे नियम आवृत्तीगणिक बदलत राहतात. आज लिहिलेला मजकूर दोन वर्षांनी दुसऱ्याच कोणाला तरी दुरुस्त करावा लागणार, हे पहिल्याच दिवशी ठरलेले असते.

म्हणून निवडीच्या वेळी उमेदवाराकडून नवे काही लिहून घेण्यापेक्षा अ‍ॅपमधला एखादा जुना, किचकट भाग त्याला वाचायला द्यावा आणि त्याचा अर्थ सांगायला लावावा. त्या वेळेचे पैसेही द्यावेत. ज्याला दुसऱ्याचे वाचता येत नाही, त्याचे लिहिलेले दुसऱ्याला वाचता येईल याची खात्री नाही. (हे समीक्षेलाही लागू पडते, पण तो विषय वेगळा.)

आता हक्कांकडे वळू. नोकरीत लिहिलेल्या मजकुराचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो; फ्रीलान्सरच्या बाबतीत मात्र लिहिणाराच मालक राहतो. नुसते पैसे दिल्याने हक्क हस्तांतरित होत नाहीत. कलम १९नुसार हस्तांतर लेखीच लागते, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांचीच धरली जाते. आपल्याकडे कितीतरी अनुवाद तोंडी बोलीवर होतात आणि त्यांच्या पुनर्मुद्रणाच्या वेळी कटकटी उभ्या राहतात. तोच प्रकार इथे आहे. फरक असा की मुक्त अ‍ॅपला सर्व हक्क विकत घेण्याची गरज सहसा नसते. लेखकाने आपला मजकूर अ‍ॅपच्याच मुक्त परवान्याखाली दिल्याचे लेखी नोंदवले की पुरे. जी संस्था तोच मजकूर व्यापारी परवान्यानेही विकते, तिला मात्र अधिक हक्क मागावे लागतात, आणि ते तिने आधी सांगितले पाहिजे.

परवान्याच्या बाबतीतली बेफिकिरी केवढ्याला पडते, हे 'व्हीएलसी' या चित्रफीत दाखवणाऱ्या मुक्त अ‍ॅपच्या उदाहरणावरून दिसते. अ‍ॅपलच्या दुकानाच्या अटी आणि जीपीएल परवाना जुळत नाहीत, अशी तक्रार त्याच्याच एका लेखकाने केली आणि जानेवारी २०११मध्ये ते तिथून उतरले. अनेकांची संमती मिळवून परवाना बदलल्यानंतर ते २०१३मध्ये परतले. आयफोनसाठी माणूस नेमणाऱ्याने हा प्रश्न पहिल्या हप्त्याआधी सोडवावा.

'मुक्त' आणि 'फुकट' यांसाठी इंग्रजीत एकच शब्द आहे, मराठीत दोन आहेत. तरी आपण त्यांची गल्लत करतो आणि मुक्त कामाला कमी दर सांगतो. पैसे थोडे असतील तर चित्रसंभाषण वगळावे, गटसंभाषण पुढे ढकलावे. टिपणे लिहिण्याचा वेळ, पुढच्या आवृत्तीनंतरची देखभाल आणि बदलांच्या नोंदवहीत लिहिणाऱ्याचे स्वतःचे नाव, एवढ्या गोष्टी मात्र करारात राहू द्याव्यात.