अंगावरची लव

‘लव’ हा आपल्या भाषेतला मोठा मऊ शब्द. पण बाईची पाठ ती जन्मापासून सोडीत नाही! तान्ह्या नातीच्या अंगावरून आजी कणकेचा गोळा फिरवते. ती लव काही आठवड्यांत आपोआप गळते, तरी गोळा काही चुकत नाही. माझ्या वर्गातल्या मुली दोऱ्याने भुवया कोरून येतात. हातापायांसाठी पार्लरची वारी वेगळीच. वस्तरा लावला की केस राठ उगवतात, असे त्या एकमेकींना बजावतात. ते खरे नव्हे. कापलेले टोक बोथट असते, म्हणून हाताला टोचते, इतकेच.

आम्हां चाळिशी उलटलेल्यांची तऱ्हा निराळी. पाळी जाण्याच्या सुमारास स्त्री-संप्रेरके घटतात. पुढे काखेतले नि पायांवरचे केस विरळ होत जातात आणि हनुवटीवर मात्र एखादा राठ केस डोके वर काढतो! मग पार्लर सुटते, पर्समध्ये चिमटा येतो. याविषयी मैत्रिणीसुद्धा बोलत नाहीत.

माझी आई पंचाहत्तरीची. मोतीबिंदूमुळे तिला आरशात नीटसे दिसत नाही. परवा सुनेची नजर चुकवून तिने मला खिडकीशी उजेडात बोलावले नि मुकाट्याने हनुवटी पुढे केली. दोनच केस होते.