छप्पन्न अंश आणि एक ओळ

३० मे २०२४ रोजी नागपुरातील एका स्वयंचलित हवामान केंद्राने चक्क ५६ अंश सेल्सिअस तापमान नोंदवले! बातमी वाऱ्यासारखी पसरली. पुढे भारतीय हवामानशास्त्र विभागाने खुलासा केला की, यंत्रातील संवेदक बिघडला होता. त्याच दिवशी नागपूर परिसरातील इतर काही केंद्रांवर पारा ४४ अंशांच्या आसपास होता.

आता समजा, केंद्र, दिनांक आणि तापमान असे तीन रकाने असलेला तक्ता संगणकात साठवलेला आहे. समोर काळा पडदा. चित्रे नाहीत, बटणे नाहीत. यालाच ‘कमांड लाइन’ म्हणतात. येथे प्रश्न टंकित करावा लागतो. ‘सर्वांत जास्त तापमान किती?’ असे विचाराल, तर संगणक मुकाट्याने ५६ हा आकडा देईल. परंतु ‘त्या दिवसाची सर्व केंद्रांची तापमाने उतरत्या क्रमाने दाखव’ असे विचारलेत, तर ५६ सोबत ४४ हाही आकडा दिसेल आणि मनात शंका डोकावेल. आकडा खरा की खोटा, हे संगणकाला ठाऊक नसते. शंका घेणे हे आपले काम!

माहिती तक्त्यांच्या रूपात मांडून तिला असे प्रश्न विचारावेत, हा विचार एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडला. त्यातूनच ‘एसक्यूएल’ ही प्रश्नभाषा जन्मली. ‘सिलेक्ट’, ‘फ्रॉम’, ‘व्हेअर’ असे मोजके इंग्रजी शब्द आले की सुरुवात करता येते. २००० साली आलेली ‘एसक्यूलाइट’ ही आज्ञावली विनामूल्य असून शाळेतील जुन्या संगणकावरही चालते.

कोणी म्हणेल, बटणे दाबूनही हेच उत्तर मिळते. मग हा खटाटोप कशाला? मिळते खरे, पण कोणती बटणे दाबली, हे मागाहून कोण सांगणार? लिहिलेली ओळ मात्र प्रयोगवहीतील ‘कृती’सारखी असते. शिक्षक ती तपासू शकतात, मित्र तोच प्रश्न पुन्हा विचारून पाहू शकतो. पडताळता येत नाही, ते विज्ञान कसले? म्हणूनच शाळेत संगणकाच्या तासाला ही एक ओळ लिहायला शिकवलीच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सुरुवात सोपी आहे. वर्गात, व्हरांड्यात आणि झाडाखाली तापमापी टांगा. महिनाभर रोज दुपारी नोंदी घ्या, तक्त्यात भरा आणि प्रश्न विचारा. एखादे उत्तर विचित्र वाटले, तर आधी तापमापी तपासा!