वाचकांचा कौल

बॅटमॅनचा पोरसवदा साथीदार रॉबिन, म्हणजे जेसन टॉड, जगावा की मरावा? १९८८ साली डीसी कॉमिक्स या अमेरिकन प्रकाशनसंस्थेने हा निर्णय वाचकांवरच सोपवला. दोन दूरध्वनी क्रमांक, छत्तीस तास, फोनमागे पन्नास सेंट. मरावा म्हणून ५,३४३ फोन आले, जगावा म्हणून ५,२७१. अवघ्या ७२ फोनांनी त्या पोराचा निकाल लागला.

वाचक राजा झाला, असे कुणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. डीसीच्या अंकांत वाचकांच्या पत्रांचे पान असे. १९६० च्या दशकात पत्राखाली पूर्ण पत्ता छापत, त्यामुळे वाचक एकमेकांनाही लिहू लागले, वाद घालू लागले. तिथे नावडीचे कारण द्यावे लागे. फोनवर फक्त मोजणी झाली.

तो रॉबिन वाचला असता तर, अशी मालिका डीसीनेच २०२४ साली काढली. म्हणजे आकड्यांनी वाद मिटला नव्हताच.

आपणही एखादी कादंबरी 'भिकार' म्हणून बाजूला सारतो. जरूर सारावी, पण का, तेही सांगावे. लेखकाचे आपण निदान एवढे तरी देणे लागतो.