आधी उघडून तरी बघा!

जुन्या गाडीचं दार अडायला लागलं की माणसं तीनच गोष्टी सांगतात. "काहीतरी फवार", "अख्खा लॅच बदल" आणि "गाडीच विकून टाक". पहिला सल्ला मित्रांचा, दुसरा गॅरेजवाल्यांचा आणि तिसरा, क्षमा असावी, आपल्या नातेवाइकांचा. तिघांत साम्य एकच. दाराच्या काठातल्या त्या लॅचकडे वाकून बघितलेलं नसतं कुणीच. माझं भांडण आहे ते ह्या न बघण्याशी.

ज्यांनी आमची गाडी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात ओळख. १९९४ सालची माझ्दा मियाटा. दोन सीटा, कापडी छप्पर, बटण दाबलं की झोपेतून जागे झाल्यासारखे वर येणारे हेडलाइट. हे मॉडेल १९८९च्या फेब्रुवारीत शिकागोच्या ऑटो शोमध्ये पहिल्यांदा लोकांसमोर आलं. वजन जेमतेम हजार किलो. माझ्दाचे लोक तिच्याबद्दल 'जिन्बा इत्ताई' म्हणतात, म्हणजे घोडा आणि स्वार एकजीव. (ठाण्याची मावशी म्हणते, "तेवढ्या पैशात चार सीटची नसती का आली?" आली असती गं मावशी, पण घ्यायची नव्हती.)

आम्ही राहतो मॅसॅच्युसेट्समध्ये. इथे हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते गाडीच्या सांदीकोपऱ्यात जाऊन बसतं. गेल्या उन्हाळ्यात उजवीकडचं दार अडायला लागलं म्हणून गाडी गॅरेजमध्ये नेली. तिथल्या भल्या माणसाने एक डबा उचलला, दोनदा फुस्स केलं, चाळीस डॉलर घेतले आणि "झालं!" म्हणाला. दोन आठवडे दार मख्खन होतं. तिसऱ्या आठवड्यात पुण्याहून आलेली आई त्या दारापाशी बसली आणि किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये दार उघडेना. आतून नाही, बाहेरून नाही. ऑगस्टचं ऊन, आई पंच्याहत्तर वर्षांची, गुडघे दुखरे. "छप्पर उघडून वरून काढ तिला," असं एका भाच्याने फोनवर सुचवलं. (त्याचं नाव लिहीत नाही, तो हे वाचतो.) आई मात्र मांडीवर पर्स घेऊन, "मला काही घाई नाही हो," म्हणत शांत बसून होती. शेवटी एक हात हँडलला लावून आणि कमरेने दाराला धक्का देऊन ते एकदाचं उघडलं.

दुसऱ्या दिवशी तेच गॅरेज म्हणालं, "दोन्ही बाजूंचे लॅच बदलावे लागतील, साडेपाचशे डॉलर." दोन्ही बाजूंचे! डावं दार कधी अडलंच नव्हतं. "उघडून बघितलंत का?" म्हटलं, तर उत्तर आलं, "इतक्या जुन्या गाडीचं बघायचं काय?"

तर मंडळी, बघायचं काय ते सांगते.

लॅच म्हणजे काही क्षेपणास्त्र नव्हे. दाराच्या काठात खाच असलेला एक काटा असतो, तो फिरतो. गाडीच्या खांबावर एक जाड लोखंडी कडी असते, तिला स्ट्रायकर म्हणतात. दार लावलं की कडी काट्याच्या खाचेत शिरते, काटा फिरून तिला धरतो आणि मागे एक छोटा अडसर स्प्रिंगच्या जोरावर काट्याच्या दातात बसतो. हँडल ओढलं की एक बारीक सळई तो अडसर बाजूला करते आणि काटा सुटतो. बस्स, एवढंच.

आता परीक्षा. दार उघडं ठेवा आणि स्क्रूड्रायव्हरच्या दांड्याने काटा फिरवा. 'कट्', 'कट्' असे दोन आवाज यायला हवेत. मग हँडल ओढा, काटा टुणकन परत यायला हवा. (तो सोडवल्याशिवाय दार लावू नका, नाहीतर मिटलेला काटा कडीवर आदळेल.) काटा आळसावल्यासारखा फिरला तर आत मळ आणि वाळलेलं ग्रीस आहे. हँडल हलतं पण काटा ढिम्म असेल तर सळई किंवा तिला धरणारी प्लॅस्टिकची क्लिप गेली आहे. आणि उघड्या दारात सगळं झकास चालतं पण लावल्यावर अडतं, तर लॅच निर्दोष आहे. दार बिजागरीवर खाली बसलंय किंवा स्ट्रायकर सरकलाय. तीन वेगळे रोग, तीन वेगळे उपाय. निदानाला लागतात पाच मिनिटं आणि शून्य डॉलर. एवढं न करता बदला म्हणणारा डॉक्टर असता तर त्याच्याकडे आपण दुसऱ्यांदा गेलो असतो का?

आधी फवारा-पंथाचा समाचार घेऊ. घरोघरी असलेला डब्ल्यूडी-४० १९५३ साली सॅन डिएगोत बनला. नावाचा अर्थच 'पाणी हटवणारं, चाळिसावा प्रयोग'. ॲटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज चढू नये म्हणून तो वापरला गेला. आपल्या कामात तो उत्तमच आहे. त्यातला पातळ भाग मळ सैल करतो, म्हणून दार दोन आठवडे मख्खन होतं. मग तो उडून जातो. मागे उरतं ते तेलाचं पातळसं बोट आणि जागचा न हललेला मळ, आणि त्यावर नवी धूळ चिकटते. दोष डब्याचा नाही. न धुता तेल लावणाऱ्याचा आहे. पुण्याच्या आमच्या फियाटचं दार अडलं की बाबा जुना टूथब्रश रॉकेलमध्ये बुडवून लॅच आधी धुवायचे, पुसायचे आणि मगच ग्रीसचं बोट लावायचे. आधी धुवायचं, मग माखायचं. त्यांना कुणी इंजिनियर म्हटलं नाही, पण क्रम बरोबर होता.

मियाटाला मी तेच केलं. खाली चिंधी धरली (ब्रेक क्लीनर रंगावर पडला तर रंग जातो), काटा हलवत हलवत आतला काळा चिखल निघेपर्यंत धुतला, वाळू दिला आणि पांढरं लिथियम ग्रीस थोडंसं लावलं. किल्लीच्या भोकात ग्रीस घालायचं नसतं, तिथे कोरडी ग्रॅफाइटची भुकटी. स्ट्रायकरला हात लावायची गरज पडली नाही. पडली असती तर आधी त्याच्याभोवती पेन्सिलीने रेघ मारली असती, म्हणजे जुनी जागा हरवत नाही. दाराच्या तळाशी पाणी जायची भोकं असतात, ती मातीने बुजली होती, तीही मोकळी केली. खर्च वीस डॉलर आणि एक शनिवारची दुपार. तेव्हापासून दार एका बोटाने उघडतंय, पूर्ण हिवाळा धरून.

"एवढ्याशा लॅचसाठी एवढा त्रागा?" असं कुणी म्हणेल. ते दोन 'कट्' आठवतात? ते उगाच नाहीत. १९५०च्या दशकात कॉर्नेल विद्यापीठातल्या अपघातांच्या अभ्यासातून दिसलं, की धडकेत दार उघडून बाहेर फेकला जाणारा माणूस आत राहणाऱ्यापेक्षा खूपच जास्त धोक्यात असतो. त्यातून सुधारलेले लॅच आले. अमेरिकेत १९६८पासून लागू झालेलं सुरक्षा-मानक २०६ सांगतं की लॅचला एक अर्धी आणि एक पूर्ण अशा दोन पकडी हव्यात, आणि पूर्ण पकडीने ११,००० न्यूटन ओढ सहन करायला हवी. म्हणजे साधारण ११०० किलोंचं वजन, आमच्या अख्ख्या गाडीहून जास्त! मळलेला काटा पहिल्या 'कट्'वरच थांबू शकतो, आणि आपल्याला वाटतं दार लागलं. तेव्हा "चालतंय की" म्हणणाऱ्यांनो, दार लागलेलं दिसणं आणि लागलेलं असणं ह्यांत फरक आहे.

बदला-पंथाला माझं म्हणणं एवढंच, की तुटलेलं जरूर बदला, पण मळलेलं धुवा. मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काच्या बाजूने कौल दिला, म्हणजे गाडीची माहिती कंपनीने मालकाला आणि बाहेरच्या गॅरेजलाही द्यावी म्हणून. २०२० मध्ये पुन्हा दिला. भारतातही ग्राहक व्यवहार खात्याने २०२२च्या डिसेंबरात 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. फार छान. पण १९९४च्या ह्या लॅचवर ना कुलूप आहे, ना पासवर्ड, ना कंपनीचं गुपित. तो दार उघडताच समोर दिसतो. हक्क कायद्याने मिळेल, वाकून बघण्याची इच्छा कुठल्या कायद्याने आणायची?

राहता राहिला "विकून टाक"-पंथ. खुद्द माझ्दाने २०१७ मध्ये जपानात ह्याच पहिल्या पिढीच्या गाड्या नव्यासारख्या करून द्यायची योजना जाहीर केली आणि बंद पडलेले काही सुटे भाग पुन्हा बनवायला घेतले. बनवणाऱ्यालाच ती भंगार वाटत नाही, मग आपण कोण? आणि नव्या गाडीचंही दार कधीतरी अडेलच. तेव्हा काय, तीही विकणार?

असो. तुमच्या घरात ह्या घडीला अडणारं एक तरी दार असेल. गाडीचं, कपाटाचं, गोदरेजचं. फवारा खाली ठेवा, चष्मा लावा आणि आधी त्याच्या काठाकडे बघा. मग खुशाल मला सल्ला द्या!