पत्रं पुरावा म्हणून मागू नका

पंधरा ऑगस्ट आला की बारामतीत कुणीतरी म्हणतंच, "तुमच्या फौजी मामूंची पत्रं वाचून दाखवा, लोकांना कळू दे." काय कळू दे? १९७१ च्या लढाईत मामूंनी इंदापूर तालुक्यातल्या घरी धाडलेल्या पत्रांत देशप्रेमाचं एक वाक्य नाही. नीरा डाव्या कालव्याची पाळी आली का, मनीऑर्डर पोचली का, म्हैस व्याली का, एवढंच. स्वतःचा पत्ता फक्त ५६ एपीओ. दारात तारवाला दिसला की नानी मटकन खाली बसायची. शेजारच्या पाटीलकाकूंचंही तेच, त्यांचाही मुलगा फौजेत. त्यांच्याकडं पत्रं कुणी मागत नाही! आणि १९६५ च्या अब्दुल हमीदांचं नाव आम्ही दाखल्यासारखं किती वर्षं पुढं करायचं? पत्रं नानीच्या पेटीत आहेत. कालव्याबद्दल कुणी विचारलं, तर काढीन.