विश्लेषण : सैनिक घरी परततो, तेव्हा चित्रपट संपतो! असे का?

ब्रिटनमध्ये एखाद्याचे डोके फिरले असे सांगायचे तर बोलीभाषेत ‘डुलाली’ म्हणतात. हा शब्द नाशिकजवळच्या देवळालीचा. तिथल्या छावणीत घरी जाण्यासाठी थांबलेल्या सैनिकांच्या मनाची जी अवस्था व्हायची, तिला इंग्रजांनी गावाचेच नाव दिले. आपल्याकडे युद्धपट भरपूर आले, पण ही अवस्था दाखवणारा चित्रपट शोधावा लागतो.

देवळालीत काय घडायचे?

१८६१ मध्ये इथे ब्रिटिश सैन्याची छावणी उभी राहिली. भारतातली मुदत संपलेले सैनिक मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत. या बोटी साधारण हिवाळ्यातच सुटत. हंगाम हुकला की कित्येक महिने काम नाही, लढाई नाही आणि घरही नाही. उकाडा, हिवताप आणि दारू होतीच. मूळ शब्दप्रयोग ‘डुलाली टॅप’; त्यातला ‘टॅप’ म्हणजे आपला ताप. पुढे बीबीसीने १९७४ पासून ‘इट एन्ट हाफ हॉट मम’ ही विनोदी मालिका दाखवली, तिचे सुरुवातीचे भाग देवळालीतच घडतात. ज्यावर उपचार हवे होते, त्याची थट्टा झाली.

हॉलीवूडने वेगळे काय केले?

दुसरे महायुद्ध संपताच घरी परतलेल्या तिघांची गोष्ट ‘द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज’ने (१९४६) सांगितली. त्यातला एक, हॅरॉल्ड रसेल, दोन्ही हात गमावलेला खराखुरा सैनिक होता. त्याला ऑस्कर मिळाले. मात्र त्याच वर्षी जॉन ह्यूस्टन यांनी लष्करासाठीच केलेला, मनोरुग्ण सैनिकांवरचा माहितीपट लष्कराने तीन दशकांहून अधिक काळ दाबून ठेवला. व्हिएतनामनंतर, १९८० मध्ये ‘पीटीएसडी’ म्हणजे आघातानंतरचा ताणविकार हे निदान अमेरिकी मनोविकार संघटनेने अधिकृत केले. दोनच वर्षांनी पहिला ‘रॅम्बो’ आला. त्याच्या शेवटी नायक मित्राचा मृत्यू आठवून ढसाढसा रडतो. लक्षात राहिली ती पुढच्या भागांतली मशीनगन!

आणि आपल्याकडे?

‘हकीकत’ (१९६४), ‘बॉर्डर’ (१९९७) सीमेवरच संपतात. नाना पाटेकरांच्या ‘प्रहार’मध्ये (१९९१) कारवाईत पाय गमावलेला पीटर घरी परततो, पण खंडणीखोर त्याला मारतात आणि पुढचा चित्रपट मेजर चव्हाणच्या संतापाचा होतो. ‘चंदू चॅम्पियन’ (२०२४) सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांवर आहे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेल्या पेटकरांनी १९७२ मध्ये जलतरणात पॅरालिम्पिक सुवर्ण जिंकले. गोष्ट खरी आणि मोठी आहे. पण आपल्या पडद्यावर जखमेचा सूड तरी होतो, नाहीतर पदक. नुसती झोप न लागणारा माणूस पटकथेत बसत नाही.

हा प्रश्न आताच का?

अग्निवीर योजना २०२२ ची; पहिल्या तुकडीचे प्रशिक्षण २०२३ च्या सुरुवातीला सुरू झाले. नाशिकरोडच्या तोफखाना केंद्रातही अग्निवीर घडतात. चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के कायम होतील, बाकीचे ऐन पंचविशीत घरी येतील. त्यांना निवृत्तिवेतन नाही आणि माजी सैनिकांची आरोग्य योजना, ईसीएचएस, हीही नाही. फटाक्याला दचकणारा, कोणाशी न बोलणारा मुलगा घरी आला, तर गावात ‘तापट झालाय’ किंवा ‘पितो हल्ली’ एवढेच शब्द हाताशी असतात. चित्रपटांनी दुसरे दिलेले नाहीत.

मदत कुठे मिळेल?

सेवेतले सैनिक आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात (एएफएमसी) १ डिसेंबर २०२३ पासून ‘टेलि-मानस’चा स्वतंत्र कक्ष सुरू झाला. सेवेतून बाहेर पडलेल्यांना आणि घरच्यांनाही ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या सर्वसाधारण क्रमांकावर २४ तास मोफत, मराठीतून बोलता येते.