दुष्काळातले तेरा सामने

बीड (प्रतिनिधी) - आपल्या गावाचे नाव छातीवर मिरवणारा संघ उद्या दुसऱ्या गावाला जाणार, अशी नुसती कुणकुण लागली तरी चाहत्यांच्या काळजाचा ठोका चुकतो. अमेरिकेतील बास्केटबॉलप्रेमींना हा अनुभव नवा नाही. सिएटल शहरात ४१ वर्षे नांदलेला आणि १९७९ मध्ये विजेतेपद मिळवलेला 'सुपरसॉनिक्स' संघ त्याच्या मालकांनी २००८ मध्ये ओक्लाहोमा सिटीला हलवला. पुढे सॅक्रामेंटोचा 'किंग्ज' संघ त्याच सिएटलला नेण्याचा घाट घातला गेला, तेव्हा चाहते, महापौर आणि गुंतवणूकदार एकत्र उभे राहिले आणि मे २०१३ मध्ये लीगच्या संघमालकांनी हे स्थलांतर २२ विरुद्ध ८ मतांनी फेटाळले. इंग्लंडमध्ये विम्बल्डनचा फुटबॉल संघ मिल्टन कीन्सला नेण्यास २००२ मध्ये मंजुरी मिळताच तेथील चाहत्यांनी स्वतःचा नवा संघच उभा केला.

महाराष्ट्रावर असा प्रसंग ओढवला तो एप्रिल २०१६ मध्ये. येथे वाद नव्या स्टेडियमचा नव्हता आणि करसवलतीचाही नव्हता. वाद पाण्याचा होता, आणि त्या पाण्याची टंचाई होती बीड, लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात. मुंबई, पुणे आणि नागपूरचे क्रिकेट सामने मराठवाड्यातील दुष्काळामुळे राज्याबाहेर गेले. त्या वेळी शहरी चाहत्यांनी जो प्रश्न रागाने विचारला होता, त्याचे उत्तर अद्याप पुरतेपणी दिले गेलेले नाही. सामने गेले, पण पाणी आले का?

न्यायालयाचा आदेश

'लोकसत्ता मूव्हमेंट' या संस्थेच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयात न्या. विद्यासागर कानडे आणि न्या. मकरंद कर्णिक यांच्या खंडपीठापुढे सुनावणी झाली. पाण्यासाठी माणसे तडफडत असताना खेळपट्ट्यांवर पाणी ओतणे कितपत योग्य, असा खंडपीठाचा रोख होता. ९ एप्रिलचा वानखेडेवरील उद्घाटनाचा सामना होऊ देण्यात आला. मात्र १३ एप्रिल २०१६ रोजी न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे सर्व सामने महाराष्ट्राबाहेर नेण्याचा आदेश दिला. योगायोग असा की, आदल्याच दिवशी मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली रेल्वे लातुरात पोहोचली होती.

या आदेशाच्या कक्षेत १३ सामने येत होते. त्यांत पुण्याचे सहा, मुंबईचे अंतिम सामन्यासह चार आणि नागपूरचे तीन सामने होते. दुष्काळात तेरावा महिना ही म्हण मराठी माणसाला ठाऊक आहे; येथे तेरा सामन्यांनी ती नव्याने आठवून दिली. नियामक मंडळाच्या विनंतीवरून १ मेचा पुण्यातील सामना तेवढा होऊ दिला गेला. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिलअखेर क्रिकेट संघटनांना दिलासा नाकारला आणि उरलेले १२ सामने बाहेर गेले. मुंबई आणि पुणे या दोन्ही संघांनी विशाखापट्टणमला बिऱ्हाड थाटले. नागपूरचे सामने मोहालीला गेले आणि २९ मेचा अंतिम सामना बंगळुरूला झाला. मुंबईचा संघ पाचव्या, तर पुण्याचा सातव्या स्थानी राहून स्पर्धेबाहेर पडला.

राज्य सरकारने सामन्यांची बाजू लावून धरली नाही. मैदानांना पिण्याचे पाणी दिले जाणार नाही आणि सामने बाहेर गेले तरी हरकत नाही, अशी भूमिका मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी घेतली होती. क्रिकेट मंडळाने सांडपाण्यावर प्रक्रिया केलेले पाणी वापरण्याची तयारी दाखवली. दोन्ही संघांच्या वतीने दुष्काळ निधीसाठी प्रत्येकी पाच कोटी रुपये देऊ केल्याचेही सांगण्यात आले. परंतु तोवर उशीर झाला होता. हीच तयारी याचिकेपूर्वी दिसली असती, तर कदाचित चित्र वेगळे असते.

साठ लाख लिटरचे गणित

त्या दिवसांत ६० लाख लिटर हा आकडा सर्वतोमुखी झाला होता. राज्यातील वीसेक सामन्यांच्या मैदानांना एवढे पाणी लागेल, असा अंदाज मांडला गेला होता. आकडा ऐकायला प्रचंड वाटतो. माणशी दररोज ४० लिटर हा ग्रामीण पाणीपुरवठ्याचा तेव्हाचा निकष धरला, तर हे पाणी दीड लाख लोकांना एक दिवस पुरले असते. लातूरला आलेल्या दहा वाघिणींच्या पहिल्या रेल्वेने सुमारे पाच लाख लिटर पाणी आणले होते. त्या हिशेबाने ६० लाख लिटर म्हणजे अशा बारा खेपा.

दुसऱ्या बाजूने पाहिले तर हाच आकडा नगण्य ठरतो. लातूर शहराची, तसेच केज, अंबाजोगाई परिसराची तहान भागवणारे मांजरा धरण बीड जिल्ह्यातील धनेगाव येथे आहे. त्याची एकूण क्षमता सुमारे २२४ दशलक्ष घनमीटर. एक दशलक्ष घनमीटर म्हणजे शंभर कोटी लिटर. त्यामुळे ६० लाख लिटर पाणी या धरणाच्या क्षमतेच्या एक टक्क्याच्या शंभराव्या भागाइतकेही भरत नाही. एप्रिल २०१६ मध्ये हे धरण कोरडे पडले होते आणि मराठवाड्यातील धरणांत सरासरी तीन टक्क्यांच्या आसपास साठा उरला होता. त्यामागे सलग दोन वर्षे दगा देणारा पाऊस होता, तसाच वर्षानुवर्षे चालत आलेला पाण्याचा वापरही होता. याच प्रदेशात साखर कारखाने उभे राहिले आणि सिंचनाच्या पाण्याचा सिंहाचा वाटा उसाने उचलला. परळीचा औष्णिक वीज प्रकल्प २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावा लागला होता. तेव्हा तेथे कोणी क्रिकेट खेळत नव्हते.

म्हणूनच शहरी चाहत्यांचा 'आमच्यावरच का?' हा प्रश्न निव्वळ स्वार्थाचा म्हणून झटकून टाकता येत नाही. तरणतलाव, गोल्फची मैदाने, मद्यनिर्मितीचे कारखाने चालू आणि बंदी फक्त क्रिकेटवर, ही जखम मांडीला आणि मलम शेंडीला अशी गत असल्याची भावना त्यांच्यात होती. मद्यनिर्मिती उद्योगांच्या पाण्यात मोठी कपात करण्याचा आदेश औरंगाबाद खंडपीठाने त्याच महिन्याच्या अखेरीस दिला, म्हणजे त्या प्रश्नाची दखल काही अंशी घेतली गेली. मात्र वानखेडेचे पाणी वाचवून ते धनेगावला नेण्याची कोणतीही वाहिनी अस्तित्वात नव्हती, हे चाहत्यांचे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या खरेच होते. लातूरला निदान रेल्वेमार्ग तरी होता. बीड शहराला तोही नव्हता. अहिल्यानगरला जोडणारी पहिली रेल्वे तेथून सुटली ती सप्टेंबर २०१५ नंतर तब्बल दहा वर्षांनी, १७ सप्टेंबर २०२५ रोजी.

बीडकरांचे घरचे मैदान

या वादात मुंबईचा चाहता बोलला, पुण्याचा बोलला. बीडच्या चाहत्याला कोणी विचारले नाही. दुष्काळग्रस्त म्हणून त्याचा उल्लेख झाला. क्रिकेटप्रेमी म्हणून झाला नाही. वास्तविक मराठवाडा महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या अखत्यारीत येतो. त्या अर्थाने पुण्याजवळचे गहुंजे हेच बीडच्या खेळाडूंचे आणि प्रेक्षकांचेही घरचे मैदान. ते सव्वादोनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे, ही गोष्ट वेगळी. ज्याने सामना दूरचित्रवाणीवरच पाहायचा, त्याला गहुंजे काय आणि विशाखापट्टणम काय, सारखेच. वीज असली म्हणजे झाले.

तरीही बीडचे या खेळाशी नाते पातळ नाही. २००२ मध्ये हेडिंग्ले कसोटीत सलामीला येऊन ६८ धावांची चिवट खेळी करणारे संजय बांगर यांचा जन्म बीडचा. २०१६ मध्ये ते किंग्ज इलेव्हन पंजाबचे प्रशिक्षक होते आणि नागपुरातून हलवले गेलेले तिन्ही सामने त्याच संघाचे होते. जन्मगावच्या परिसरातील दुष्काळाने एका प्रशिक्षकाच्या संघाचे मैदान बदलावे, असा विलक्षण योग त्या वर्षी जुळून आला. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये युवा विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात बीडच्या सचिन धसने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ९६ धावा करून भारताला अंतिम फेरीत नेले. टंचाईच्या जिल्ह्यात टर्फची खेळपट्टी जपायची तर आधी पाण्याची सोय पाहावी लागते. दुष्काळ विरुद्ध क्रिकेट अशी जी मांडणी २०१६ मध्ये झाली, ती बीडच्या मैदानावर सराव करणाऱ्या मुलाला कशी लागू करणार? त्याला पाणीही हवे आहे आणि खेळही.

स्थलांतर या शब्दाचा अर्थ

बीडमध्ये 'स्थलांतर' हा शब्द संघाच्या संदर्भात कोणी उच्चारत नाही. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता, भांडीकुंडी आणि लेकरे घेऊन पश्चिम महाराष्ट्र किंवा कर्नाटकातील कारखान्यांची वाट धरायची, हे या जिल्ह्यातील काही लाख माणसांचे दरवर्षीचे स्थलांतर आहे. लातूरला पाणी आले ते मिरजेहून, म्हणजे जेथील उसाच्या फडात बीडचे मजूर राबतात त्याच कृष्णाकाठच्या मुलखातून. ऊसतोड कामगार पाण्याच्या प्रदेशाकडे जातो आणि पट्टा पडला की कोरड्या गावात परततो. २०१६ च्या उन्हाळ्यात परतलेल्यांच्या वाट्याला टँकर आणि चारा छावण्या आल्या. २०१५ या एका वर्षात मराठवाड्यात एक हजाराहून अधिक शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या होत्या आणि त्यांत बीडचा आकडा सर्वाधिक होता. या पार्श्वभूमीवर बारा सामन्यांच्या स्थलांतराने हळहळणाऱ्यांविषयी येथे फारशी सहानुभूती नव्हती, यात नवल ते काय?

पण न्यायालयाच्या आदेशाने एक गोष्ट निश्चित साधली. जे दुःख मुंबई-पुण्याच्या वृत्तपत्रांत आतल्या पानावर असे, ते पहिल्या पानावर आले. सामना रद्द होण्याच्या धास्तीने का होईना, शहरी वाचकाने मांजरा धरणाचे नाव ऐकले. आदेशाचे मूल्य लिटरमध्ये मोजता येणार नाही. ते या प्रतीकात होते. प्रतीकाची मर्यादा मात्र अशी की, ते फार काळ टिकत नाही.

तीन वर्षांनी

याचा पुरावा २०१९ मध्ये मिळाला. राज्य सरकारने ऑक्टोबर २०१८ मध्ये १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला आणि २०१९ च्या उन्हाळ्यात बीड जिल्ह्यात पुन्हा चारा छावण्यांची रांग लागली. त्याच उन्हाळ्यात वानखेडेवरील साखळी सामने मे महिन्यापर्यंत सुरळीत पार पडले. दुष्काळ तोच होता, मैदान तेच होते. वादळ मात्र उठले नाही. २०१६ चा आदेश योग्य होता असे मानले, तर २०१९ चे मौन कसे समर्थनीय ठरते? आणि २०१९ मध्ये काही चुकले नसेल, तर २०१६ मध्ये चाहत्यांकडून नेमके काय हिरावून घेतले गेले? दोन्ही वर्षांना लागू पडेल असा नियम कोणी केलाच नाही, हे खरे दुखणे आहे.

असा नियम अशक्य नाही. २०१६ चा अंतिम सामना ज्या बंगळुरूला गेला, त्या शहरावर २०२४ मध्ये तीव्र पाणीटंचाई ओढवली. तेव्हा तेथील चिन्नास्वामी मैदानासाठी कब्बन पार्कमधील प्रकल्पातून प्रक्रिया केलेले पाणी देण्याची व्यवस्था झाली आणि सामने शहरातच राहिले. महाराष्ट्रातील प्रत्येक मोठ्या मैदानाला अशी सक्ती करता येईल आणि तीच फूटपट्टी गोल्फ मैदानांना व कारखान्यांनाही लावता येईल.

संघ कोणाचा?

चाहत्यांच्या बाजूनेही एक धडा आहे. २०१६ मध्ये पुणेकर ज्या संघासाठी हळहळले, तो मुळातच दोन वर्षांचा पाहुणा होता. चेन्नई आणि राजस्थान हे संघ निलंबित झाले म्हणून तो जन्मला, २०१७ च्या अंतिम सामन्यात अवघ्या एका धावेने हरला आणि विसर्जित झाला. त्यापूर्वीचा पुणे वॉरियर्स संघ २०११ ते २०१३ एवढाच टिकला. २०१८ मध्ये कावेरी आंदोलनामुळे चेन्नईचे सामने पुण्याला आले, तेव्हा त्या संघाचे चाहते विशेष रेल्वेने पुण्यात दाखल झाले होते. २०२२ मध्ये तर महासाथीमुळे साखळीचे सर्वच्या सर्व ७० सामने मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात खेळवले गेले. ज्या राज्यातून सामने बाहेर काढावे लागले, तेच सहा वर्षांनी साऱ्या साखळी सामन्यांचे यजमान झाले.

संघ मालकाचा, प्रक्षेपण वाहिन्यांचे, वेळापत्रक मंडळाचे. चाहत्याच्या हाती निष्ठेखेरीज काही नाही आणि ती निष्ठा कोठेही नोंदवलेली नसते. सॅक्रामेंटोच्या चाहत्यांना यश आले, कारण त्यांचे शहर त्यांच्यामागे उभे राहिले. येथे शहरातील चाहता आणि दुष्काळी गावातील माणूस एकमेकांसमोर उभे केले गेले आणि पाण्याच्या नियोजनाची जबाबदारी ज्यांच्यावर होती ते प्रेक्षक होऊन बसले.

२०१६ च्या पावसाळ्याच्या अखेरीस मांजरा धरण भरले. ते पावसाने भरले, धोरणाने नव्हे. पुढचा दुष्काळ पडेल तेव्हा सामने कोठे हलवायचे याची चर्चा पुन्हा होईल. त्याआधी एवढे तरी ठरावे की, मैदानाला कोणते पाणी द्यायचे, उसाला किती द्यायचे आणि बीडच्या माणसाला गाव सोडावे लागणार नाही एवढे पाणी कोठून आणायचे. हे ठरले तर संघालाही हलावे लागणार नाही.